घारीचं शेपूट

आमच्या उंद्रीतल्या छत्री दुरुस्त करणाऱ्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. बोलता बोलता तो समोरची कुठलीही हलकी वस्तू उचलतो, खांद्याइतक्या उंचीवरून सोडतो आणि ती कशी पडते ते बघत बसतो. मध्यंतरी त्यानं माझ्या गुडघ्याचा जुना एक्स-रे मागितला.

“काऊन?” मी विचारलं.

“मांजानं एका घारीचं शेपूट गेलं. नवं करून राह्यलो. छत्रीचं कापड भिजते, पत्रा जड होते.”

थापच वाटली, तरी दिला.

आठवड्यानं एक घार माझ्या अंगणातून कोंबडीचं पिल्लू उचलून गेली. तिच्या शेपटीत माझा गुडघा चमकत होता. मी तणतणत त्याच्याकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “वजन घेऊन वळतानी शेपूट कलत होतं का, भाऊ?”