राखडीचं छत

वडनेरजवळच्या अंगणवाडीच्या छतावर, गळतं का ते बघायला, तीन दिवस पाणी तुंबवून ठेवलं होतं आणि वच्छलाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. छत तिनं केलेलं. उभी हयात गवंड्यांच्या हाताखाली घमेली वाहिली, तरणी असताना चुन्याची छतं थापीनं बडवली, आणि साठीला आल्यावर बाई हट्टाला पेटली. वीज केंद्रातली राखड लोक रस्त्याकडेला ओतून मोकळे होतात. तीच चुन्यात कालवून छतावर घालायची. पाणीही अडेल, उन्हाळ्यात लेकरंही भाजणार नाहीत.

"राखेनं भांडे घासतेत, बाई!" मुकेश ठेकेदार हसला होता.

छत टिकलं तर आणखी चार अंगणवाड्या तिच्या टोळीतल्या सहा बायांना मिळणार होत्या. गळलं तर पुन्हा घमेली.

चौथ्या दिवशी सकाळी जोडीदारीण सुलोचना धावत आली. "कोपऱ्यात ओल आली न वं, माय!"

जाऊन बघते तर सरपंच भैयाजी, मुकेश, सगळे माना वर करून उभे. मेला थेंब, सगळ्यांदेखत टपकत होता!

वच्छलाबाई वर चढली. पाण्यात हात घालून कोपरा चाचपला. बोटाला बारीक भेग लागली आणि तिला आठवलं. काम संपलं त्या दिवशी आनंदाच्या भरात तिनं इथंच नारळ फोडला होता. राखडीचा माल सावकाश घट्ट होतो, पाय जपून टाका, असं टोळीवर ओरडणारी तीच! पाहिलं होतं एकट्या सुलोचनानं.

"कोपऱ्यावरचा कठडा मुकेशनं बांधेल हाये. त्यालेच नाव ठेव न," सुलोचना कुजबुजली.

मोह झाला, का होऊ नये? पण ती खाली आली.

"भैयाजी, राखड नाई चुकली. मी चुकली. कच्च्या छतावर मीच नारळ फोडला."

मुकेश फिदीफिदी हसला. भैयाजी हसले नाहीत. "एक महिना देतो. मंग पुन्हा पाणी भरजो. गळलं तं काम मुकेशचं."

तिनं कोपरा खोदून नव्यानं भरला, ओल्या पोत्यांनी झाकला. महिनाभर मांजरालाही वर फिरकू दिलं नाही.

पुन्हा पाणी भरलं. चौथ्या दिवशी स्टुलावर चढून तिनं छताला खालून तळहात लावला. कोरडं! मुकेशनंही हात लावून बघितला.

रडत रडत सुलोचनानं पिशवीतून नारळ काढला.

"थांब!" वच्छलाबाई एवढ्यानं ओरडली की भैयाजीही दचकले. नारळ हिसकावून ती तरातरा रस्त्यापलीकडे गेली आणि तिथल्या दगडावर तिनं तो फोडला.