गोवर्धनचं नवं घराणं

कामठ्याच्या बकारामचा गोवर्धन नागपूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला लागला, तेव्हा गावाला वाटलं, पोरगा आता विहिरींना पाणी दाखवेल. त्याने आणून दाखवली रेती. तीही बाघ नदीची नाही, रत्नागिरीच्या समुद्राची!

त्या रेतीत एकाच पेशीच्या जीवांची कवचं होती, मोहरीहून बारीक. ती धुवायची, चाळायची, ओल्या कुंचल्याने टिपायची आणि कोणतं कवच कुठल्या प्रजातीचं ते ठरवायचं, हे त्याचं काम. प्रजाती म्हणजे घराणं, असं त्याने बापाला समजावलं होतं.

१९५७च्या दिवाळीत तो सूक्ष्मदर्शक घेऊनच घरी आला. त्याला दोन तऱ्हेची कवचं सापडली होती. काही जिलेबीसारखी वळलेली, काही काडीसारखी सरळ. सरळ कवचं कुठल्याच पुस्तकात नव्हती. म्हणजे नवी प्रजाती! सुटी संपली की लेख छापायला जाणार होता. चुकला, तर जाणकार हसणार आणि कालच्या पोराचा शब्द पुन्हा कोणी मानणार नाही. या धास्तीने त्याला करंजीही गोड लागेना. बकाराम मात्र गावभर सांगत सुटला होता, "आमचा बाबू नवं घराणं काढून राहिला." बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!

धानकापणी सुरू झाली होती. गोवर्धन शिदोरी घेऊन शेतावर गेला, तर बायको रुख्मा विळ्याची लाकडी मूठ हातात धरून वाकून काही शोधत होती.

"काय शोधून राहिली?"

"इळ्याचं पातं जी. मूठ हातात रायली, पातं उडालं. कोणाच्या पायात घुसन."

पातं त्यालाच सापडलं. त्याने ते मुठीत उरलेल्या तुकड्याला लावून पाहिलं. मोडलेल्या कडा बरोबर जुळल्या आणि त्याला ती कवचं आठवली. सरळ कवचांचं एक टोक नेहमी खडबडीत असे. आणि चाळणीवर रेती तर तो बोटांनी चांगली रगडत असे!

तो घराकडे पळत सुटला.

"अवो, शिदोरी तं ठेवा जी!" रुख्मा ओरडली. ऐकतो कोण?

न धुतलेल्या रेतीची एक पुडी घरी शिल्लक होती. त्याने ती ताटात भिजवली, बोट लावलं नाही, नुसतं पाणी बदलत राहिला. ऊन कलल्यावर कुंचल्याच्या टोकाला एक अख्खं कवच आलं. सुरुवातीला वळलेलं, पुढे सरळ. लहानपणी गोल गोल वाढलं, मोठेपणी सरळ निघालं. पुस्तकातली जुनीच प्रजाती! त्याने नुसत्या मुठीला वेगळं अवजार ठरवलं होतं.

"वाचलो!" तो एकटाच हसला. डोळ्यांत पाणीही आलं. लेख अजून घरातच होता.

संध्याकाळी बकारामने विचारलं, "मंग, नवं घराणं?"

"नाही बा. जुनंच निघालं. चाळताना मीच तोडलं होतं."

बकारामचं तोंड उतरलं. "गावाले काय सांगू आता?"

तेवढ्यात रुख्मा शेतावरून आली. घामाघूम, भुकेने रागावलेली.

"गावाचं मंग पाहू, मामाजी. यायले विचारा, जुन्या घराण्याच्या सुनेची शिदोरी कुठं आहे?"

शिदोरी सूक्ष्मदर्शकाशेजारी होती. गाठसुद्धा सुटली नव्हती.