दुपारी तपासलेला काटा

महायुद्ध चालू असताना आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीची एक तुकडी धडगावला आली. सातपुड्यातलं सागाचं लाकूड घाट उतरवून तळोद्याच्या डेपोत पोचवायचं, एवढंच काम. चार लॉऱ्या. प्रत्येक लॉरीवर एक ड्रायव्हर, एक जोडीदार. वर हवालदार शिंदे, साताऱ्याकडचे. मी लान्स नाईक, कोरीटचा. घराच्या इतक्या जवळ पोस्टिंग मिळालं म्हणून बाकीचे मला हसत.

सिपाही महादू धानोऱ्याचा, म्हणजे माझ्याच तालुक्यातला. आम्ही दोघं एकमेकांत अहिराणीच बोलायचो. त्याचा जोडीदार जात्र्या पावरा इथल्याच डोंगरातला. मराठी मोडकं, पण घाटाचं प्रत्येक वळण त्याला पाठ.

रोज पाचला उठायचं. रेडिएटरात गरम पाणी ओतायचं, हँडल मारायचं, साडेसहाला निघायचं. घाटात हुकूम ठरलेला होता. वेग ताशी आठ मैल, त्याच्यावर नाही. दोन गाड्यांत पन्नास यार्ड. धुकं असलं तर पुढच्या गाडीचा मागचा दिवा नजरेआड होऊ द्यायचा नाही.

लॉऱ्या जुन्या होत्या, दुसऱ्या युनिटनं वापरून टाकलेल्या. तिघींचे स्पीडोमीटर बंद. एकट्या माझ्या गाडीचा चालू होता, म्हणून माझी गाडी पुढे. माझा काटा पाहून मी चालवायचो आणि माझी गाडी पाहून बाकीचे.

पौषात थंडी वाढली. सकाळी ताडपत्रीवर दहिवराचा पांढरा थर दिसू लागला. एके दिवशी खाली पोचल्यावर महादू माझ्याकडे आला.

"काटा काय सांगे?"

"घाटमा आठ. सपाटीवर दहा."

"दहा? माले तं पंधरा वाटनं. मन्हा ब्रेक तपी ग्यात, भाऊ."

मी हसण्यावारी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारसाहेबांचं घड्याळ घेतलं आणि घाटाच्या पायथ्याशी मैलाचे दगड धरून मोजलं. काटा दहावर. दहाच्या वेगानं मैलाला सहा मिनिटं लागायला हवीत. चार लागली. म्हणजे गाडी पंधरानं जात होती. काटा आधी थरथरायचा, मग एका जागी चिकटायचा. ऊन चढलं की आपोआप सुधारायचा. थंडीत काहीतरी आखडतंय हे उघड होतं.

डेपोत लाकूड उतरेपर्यंत वेळ होता. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत जाणारी केबल मी दोन्ही टोकांनी सोडवली. आतली तार ओढून काढली. कोणीतरी तिला चाकाचं जाड ग्रीस भरलं होतं. ते मेणासारखं घट्ट झालं होतं. तार रॉकेलनं धुतली, पातळ तेलाचा हात फिरवला, परत बसवली. मग त्याच मैलावर गाडी पळवली. काटा पंधरावर, वेळ बरोबर चार मिनिटं. पुन्हा पळवली. पुन्हा चार.

"झालं?" हवालदारसाहेबांनी विचारलं.

"झालं, साहेब."

"मीटर उघडून बघायचा का?"

"गरज नाही, साहेब."

गाडीच्या वहीत मी लिहिलं: स्पीडोमीटर दुरुस्त, तपासला, ठीक. वेळ दुपारी सव्वा एक.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघालो. धुकं एवढं, की बॉनेटपुढे जेमतेम तीन गाड्यांइतका रस्ता दिसत होता. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. हवालदारसाहेब माझ्या शेजारी. महादू माझ्या मागे, त्याच्यावर सगळ्यांत जड ओंडके.

"काटा?"

"आठ, साहेब."

"ठेव तिथंच."

मी ठेवला. काटा सातावर आला तेव्हा ब्रेकवरचा पाय थोडा सैल केला. तो आठावर गेला आणि तिथं राहिला. कसलेल्या ड्रायव्हरला वेग काट्याशिवाय कळतो, असं लोक म्हणतात. कळतो. कडेची झाडं दिसत असली तर कळतो. शिवाय काटा कालच मी स्वतः दुरुस्त केला होता. माझा त्याच्यावर विश्वास होता.

सातला पाच मिनिटं असताना मागून हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग तो थांबलाच नाही.

"बाजूला घे!" हवालदारसाहेब ओरडले.

बाजूला घ्यायला जागा नव्हती. मी आरशात पाहिलं. धुक्यातून महादूच्या लॉरीचं तोंड बाहेर आलं आणि वाढत गेलं. वीस यार्ड. दहा. मग ते आरशातून डावीकडे गेलं. दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि लगेच लाकडांचा.

मी गाडी थांबवली. हवालदारसाहेबांनी चाकांना दगड लावले आणि मागच्या दोन गाड्यांना शिट्टी दिली. मी धावलो. लॉरी डोंगराच्या कडेत घुसली होती. ओंडके पुढे सरकून केबिनवर आले होते. जात्र्या रस्त्यावर बसला होता, कोपर फुटलेलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ओंडके बाजूला केले. पाऊण तास लागला. महादू आधीच गेला होता.

चौकशीत जात्र्या म्हणाला, "ब्रेक नाय लागला. महादू बोल्या, उडी टाक. मी टाकली. तो नाय टाकला."

कागदावर कारण लिहिलं गेलं ते ब्रेक निकामी. ते खरं होतं, पण अर्धं. माझी गाडी आठच्या बरीच वर धावत होती; माझा दिवा नजरेआड होऊ नये म्हणून तोही जड गाडी त्याच वेगानं उतरवत होता आणि वळणावळणाला ब्रेक दाबत होता. ब्रेक तापले आणि धरेनासे झाले. मी अधिकाऱ्यांना काट्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली.

अपघाताच्याच संध्याकाळी मी मीटर उघडला होता. केबलमधलं ग्रीस वर चढून आत काट्याच्या खुंटीपर्यंत गेलं होतं. दुपारच्या उन्हात ते पातळ व्हायचं आणि काटा खरं सांगायचा. सकाळी ते गोठायचं. मी तपासलं होतं ते दुपारी.

रजा मिळाली तेव्हा मी कोरीटला न जाता आधी धानोऱ्याला गेलो. महादूचे वडील ओट्यावर बसले होते.

"कोन शे रे तू?"

"मी कोरीटना. महादूना संगे व्हतू. मन्ही गाडी पुढे व्हती."

"बठ."

मी सगळं सांगितलं. केबल, ग्रीस, दुपारची चार मिनिटं, वहीतलं माझं "ठीक".  शेवटी ते म्हणाले, "सकाळना काटा सकाळेच पाहाना व्हता."

"हा, बाबा."

मग त्यांनी विचारलं, "गाडी त्यानी वळाडी, का आपसूक वळनी?"

"त्यानी वळाडी."

त्यांनी मान वळवून घरात हाक दिली. "आयकं का वं? त्यानी वळाडी म्हनस हाऊ."

महादूची आई दारात आली. "मंग तो का नही उतरना?"

याचं उत्तर मला माहीत होतं. वाटेत ते कसं सांगायचं याचा विचार मी केला होता.

"त्यानी स्टिअरिंग सोडं असतं तं गाडी मन्हावर येती, माय."

 तिनं मला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. हात पाहिले, चेहरा पाहिला. तिच्या पोरानं काय वाचवलं ते ती पाहत होती. मी ताठ उभा राहिलो आणि तिला पाहू दिलं.

सिपाही महादू, राहणार धानोरा. वय सव्वीस.