धावपट्टीखालचं शेत

घमेलं वेळच्या वेळी ठोकून साफ केलं नाही की त्यावर काँक्रीटचा थर चढत जातो आणि शेवटी रिकामं घमेलंच उचलवत नाही. किश्श्यांचंही तसंच. कल्याणजवळची धावपट्टी नव्यानं बांधली तेव्हा मी तिथं घमेली वाहिली. विमानात अजून बसलेली नाही. तेव्हाचं साठलेलं आज थोडं ठोकून काढते.

०

आधी माझी सासू ठकूबाई, कारण शेत तिचं. लढाईच्या काळात गोऱ्या साहेबानं ते घेतलं, वर डांबर घातलं आणि सांगितलं, लढाई संपली की परत. लढाई संपली, गोरे गेले, डांबर राहिलं. सासू भेटेल त्या टोपीवाल्याला एकच विचारायची, "लढाई संपली का?"

पुढं काही वर्षांनी ते डांबर उकरायला माणसं आली. खालची काळी माती दिसताच सासू बियाण्याची टोपली घेऊन हजर. "मोडतान म्हंजे परत देतान."

मुकादम हसला. "आजी, आता काँक्रीट घालायचंय. जड विमानं येणार."

सासूनं टोपली घरी नेऊन बी नीट बांधून ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर त्याच कामावर यायला लागली. तेवढंच शेतावर जाणं!

०

ओव्हरसियर पुण्याचे. आम्हा बायकांना समोर बसवून म्हणाले, "ताजं काँक्रीट तान्ह्या बाळासारखं असतं. ते सतत ओलं ठेवावं लागतं."

सासू म्हणाली, "बाळाला ओला ठेवतान? तुझे आयशीनं तुला तसाच ठेवला व्हता का र?"

तेव्हापासून ओव्हरसियर नुसतं 'पाणी मारा' म्हणायचे.

०

गावच्या शेळ्या ओल्या काँक्रीटवरून जायच्या. ओव्हरसियरनी चिडून एक राखणदार नेमला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर शेळीची पावलं होतीच. शेजारी राखणदाराचीही होती, तिच्यामागं पळतानाची.

०

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कंत्राटदाराच्या पाट्या बघून बघून अक्षरं लावली, कुणाचे उपकार नाहीत. एकदा सिमेंटच्या शेडवर नवी पाटी लागली. मुकादमाला वाचता येत नव्हतं आणि तसं सांगवतही नव्हतं. मला म्हणाला, "ए बाय, बघू तुला येतं का."

पाटीवर होतं, कामगारांनी सावलीत बसू नये. मी खणखणीत वाचलं, "कामगारांनी सावलीत बसावे."

मुकादम म्हणाला, "बरोबर."

०

काँक्रीट ओलं राहावं म्हणून प्रत्येक चौकोनाला मातीचे बांध घालून आत पाणी साठवायचं असे. ओव्हरसियर त्याला 'क्युरिंग' म्हणायचे. भाताचं खाचरच ते, आम्हाला कोण शिकवणार? मलंगगडाचा सुळका आणि गावदेवीची चिंच एका रेषेत येतात तिथं आमचं शेत. सासूनं नेमका तिथला चौकोन मागून घेतला. बांध घालून झाले तरी ती मातीची घमेली आणतच राहिली.

मी म्हटलं, "आत्याबाई, माती आत कशाला पसरताय?"

"रोहिणी लागली ना," ती म्हणाली आणि कमरेची पुरचुंडी सोडली. आत ते बांधून ठेवलेलं बी.

मग पाहणीला मुंबईचे मोठे साहेब आले. लांबच लांब करडी धावपट्टी आणि मधोमध एक चौकोन हिरवागार. साहेब बुटांसकट बांध ओलांडून आत जाऊन उभे राहिले.

"हे काय आहे?"

ओव्हरसियर घाईघाईनं म्हणाले, "क्युरिंग, सर."

सासू पुढं झाली. "लढाई संपली का?"

साहेब भला माणूस. हसून म्हणाले, "अहो आजी, केव्हाच संपली."

"मंग पाय काढ. माझे रोपावर हाय."