देवीचं दार आणि घरटी चिमूट

"देवीचं दार यंत्रानं उघडतं, हे तुझ्याच तोंडून वदवीन!" असं आत्याला ठणकावून मी तिच्यासोबत सेलूहून निघालो. मी इथल्या शाळेत मास्तर. जुन्या ग्रीस देशातल्या देवळांबद्दल नुकतंच वाचलं होतं. वेदीवर अग्नी पेटवला की दारं आपोआप उघडत. खाली अर्धवट पाणी भरलेलं बंद भांडं. त्यातली हवा तापून फुगते, पाण्याला नळीतून बादलीत ढकलते आणि बादलीच्या वजनानं दोर ओढला जातो. आत्याच्या सासरच्या देवीचंही दार होम पेटला की उघडतं म्हणे! मग काय, चोर सापडलाच.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळच्या गाडीनं मानवत रोडला उतरा. पुढं बैलगाडी, चार आणे हाली, म्हणजे निजामी नाण्यात, ठरवूनच बसा. चाकोऱ्यांत माझी हाडं खिळखिळी झाली, आत्या मात्र भाकरी-ठेचा खात मजेत. लढाईचे दिवस, गहू औषधालाही मिळेना. तरी नैवेद्याच्या पुरणपोळीसाठी तिनं कणीक जपून आणली होती.

दुपारी देवीच्या जत्रेत होम पेटला, घंटा वाजली. दार हलेना. गुरवानं आणखी तूप ओतलं. छे! जत्रा माना उंचावून बघतेय, म्हातारा गुरव घामाघूम. मी सरळ होमामागची फळी सरकवली. तांब्याचा हंडा, नळी, दोराला टांगलेली घागर, हुबेहूब पुस्तकातलं! हंड्याच्या झाकणाभोवती लिंपलेलं पीठ तडकलं होतं आणि फटींतून हवा फुसफुसत होती.

"बघ आत्या, यंत्र!" मी ओरडलो.

कुणीच दचकलं नाही. गुरव म्हणाला, "मास्तर, ते समद्यांला ठावं हाय. झाकण लिंपायला घरटी चिमूटभर कणीक येती. औंदा गहू न्हाई, मंग ज्वारीचं पीठ लावलं."

"अहो, ज्वारीला चिकटा कुठला? तडकणारच!"

"लय शिकलायस न्हवं? लिंप मग," म्हणत आत्यानं कणकेची पुरचुंडी सोडली. पण एकाच घरची कणीक चालत नाही. तिनं ती बायकांत चिमूट चिमूट वाटली आणि प्रत्येकीनं आपली चिमूट माझ्या परातीत टाकली.

होम विझवून, हंडा निववून मी झाकण लिंपलं. पुन्हा अग्नी पेटला. घागर भरली, दोर ताणला आणि दार कुरकुरत उघडलं. सगळी कळ मला पाठ होती, तरी खोटं कशाला सांगू, हात जोडले गेले. नैवेद्य गूळ-खोबऱ्यावर भागला.

परतताना मी आत्याला विचारलं, "माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"तू इचारलंस कवा? तू तर सांगायलाच लागलास."

दुसऱ्या दिवशी वर्गात ग्रीक देवळाची आकृती काढली. हवा, पाणी, बादली, दोर, सगळ्यांना नावं दिली. झाकणापाशी खडू थांबला. ते कशानं लिंपत, पुस्तकात नव्हतं. मी लिहिलं, 'घरटी एक चिमूट कणीक.'