नऊ वॉटचा दिवा, बाराची भरती

दांडीच्या भिका तांडेलाला कुणी "चष्मा घे" म्हटलं, की तो अशी काही शिवी हासडायचा की सांगणारा पुन्हा त्या वाटेला जायचा नाही. तीस वर्षं त्याने बोट हाकली. मग एकदा समुद्रात भरलेला खोला ओढताना खोलाच फुटला, भिका कठड्यावरून उताणा आपटला आणि कंबरेचं हाड मोडलं. खोला म्हणजे डोलजाळ्याचं शेपूट, सगळी मासळी शेवटी तिथेच जमते. ते जाळं ज्याने शिवलं होतं, त्याला भिकाने आजवर माफ केलेलं नाही.

समुद्र सुटला, पण हात शाबूत होते. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की पुतण्या हितेशची फाटकी जाळी भिकाच्या पडवीत येऊन पडायची आणि नारळी पुनवेपर्यंत भिका ती शिवून द्यायचा. "भिकाचा हात फिरला ना, मग जालं बघायला लागत नाय," असं सारा पाडा म्हणे. म्हाताऱ्यापाशी आता हे एवढं नावच शिल्लक होतं.

आणि तेच नाव बुडायला निघालंय, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं. गेल्या वर्षापासून त्याला धागे दिसेनासे झाले होते. लांबची बोट, तिचा झेंडा, सगळं लख्ख दिसे. पण जाळं मांडीवर घेतलं की नुसता करडा ढीग. त्याची आई साठीत आंधळी झाली होती. आता आपला नंबर, असं त्याने मनाशी धरलं आणि कुणाला बोलला नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, दुसरं काय! बोटांनी चाचपून चाचपून त्याने यंदाची जाळी शिवायला घेतली. एक जाळं झालं, ते बोटीवर चढलंही. दुसरं नारळी पुनवेला दुपारी बाराच्या भरतीआधी द्यायचं होतं.

आता त्या पडवीतल्या उजेडाचंही सांगायला हवं. घराची तार गल्लीतल्या शेवटच्या खांबावरून आलेली. त्या खांबाच्या अलीकडे बर्फाचा कारखाना. तिथली यंत्रं धडधडू लागली की भिकाचा साठचा बल्ब विडीच्या टोकासारखा लालसर व्हायचा. मागच्या दारातून अणुवीज केंद्र दिसतंय आणि घरात हा काजवा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बल्ब खाली ओढून घ्यावा, तर लाईन नीट असली की तो निखाऱ्यासारखा तापे, आणि त्याला टेकला की नायलॉनचा धागा वितळे. म्हणून तो वर वाशाला टांगलेला.

त्या दिवशी सकाळी दहा वाजता सून दीपाली स्टूल घेऊन पडवीत आली. ती बोईसरला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तिला सुट्टी होती. बाहेर आभाळ गच्च भरलेलं, पडवीत संध्याकाळसारखा काळोख.

"बाबा, हा एलईडी लावते. नऊ वॉटचा हाय, पन उजेड तुमच्या साठच्या बल्बाएवढा. वीज किती कमी खातो! आन् लाईन पडली तरी मंद होत नाय. आमी कारखान्यात याच उजेडात बाटल्यांवरची बारीक अक्षरं तपासतो."

"पांढराफटक! मढ्याच्या चादरीसारखा," भिका कुरकुरला. "जुना फेकू नको हां. सांजच्याला परत लावायचा हाय मना."

"नाय फेकत." तिने लांब वायर सोडून दिवा पार त्याच्या हातांपाशी आणला. भिका दचकून मागे सरकला, तशी ती हसली. "हात लावून बघा. त्या बल्बासारखा भाजत नाय हा." त्याने भीत भीत बोट लावलं. कोमट. बर्फाचं यंत्र पलीकडे धडधडत होतं, तरी दिवा हलला नाही की मिणमिणला नाही. दीपाली आत चुलीकडे गेली.

भिकाने खाली बघितलं. दिसत होतं! गाठ न् गाठ, धाग्याचा पीळ न् पीळ. अरे देवा, मी आंधळा नाय! छाती आनंदाने भरून आली. त्याने दुसऱ्या जाळ्याचा, परवाच शिवून पुरा केलेला खोला पुढे ओढला, नुसतं डोळे भरून बघायला.

आणि तिथेच एक धागा अर्धा कुरतडलेला दिसला. खेकड्याचं काम. त्याने दोन बोटांनी ताण दिला. फट्. शेजारी दुसरा तसाच, त्याच्या खाली तिसरा. परवा याच जागेवरून त्याची बोटं फिरली होती आणि त्यांना काही लागलं नव्हतं.

मग त्याला पहिलं जाळं आठवलं. तेही याच बोटांनी, याच पडवीत शिवलेलं. ते आता हितेशच्या बोटीवर होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, मनाने म्हटलं. बोललास तर जन्माची कमाई गेली. गप्प बसलास, तर खोला फुटल्यावर लोक खडकाला दोष देतील. कुणाला कळतंय? पण भरला खोला ओढताना कठड्यावर वाकलेला हितेश त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. कंबरेत जुनी कळ उठली. त्याने घड्याळ बघितलं. साडेदहा. काठी घेतली आणि पावसात तसाच बाहेर पडला.

धडधाकट माणसाला बंदर दहा मिनिटांवर, भिकाला तास लागला. दोनदा घसरला. पोचला तेव्हा बोटी झेंडे लावून उभ्या, बर्फ भरलेला, बायका धक्क्यावर नारळ घेऊन आलेल्या. हितेशच्या बोटीचं इंजिन सुरू झालं होतं.

"काका, नारल फोडायला आले काय?" हितेश वरून हसला.

"पयलं जालं उतरव!"

"काय?"

"जालं उतरव! खोल्यात तुटके धागे हायत!"

इंजिनाच्या आवाजात हितेशला काही ऐकू येईना. तिसऱ्यांदा भिकाने छाती फाटेस्तोवर ओरडून सांगितलं, "मना दिसला नाय रे! मी चुकलो!" आता ते साऱ्या धक्क्याने ऐकलं.

हितेशचं तोंड लाल झालं. "आता सांगता? सगल्या बोटी सुटायला लागल्या! चार दिस आधी काय झाला होता?"

"चार दिस आधी मनापन कललं नव्हतं."

हितेश काही बोलणार होता, पण त्याची नजर काकाच्या वाकड्या कंबरेवर गेली. तो चरफडला, थुंकला आणि त्याने इंजिन बंद केलं. बाकीच्या बोटी एकेक करून निघून गेल्या.

खलाशांनी जाळं पडवीत आणून टाकलं. नव्या दिव्याखाली खोल्यात एकोणीस धागे सापडले. एकेक सापडत गेला तसा हितेश तो मोजत गेला. शेवटी तो म्हणाला, "काका, डोले गेले तर तसं सांगायचं. पुढल्या सालापासून मी जाली सातपाटीला देतो शिवायला."

भिकाने मान खाली घातली.

दीपाली दारात उभी होती. "भावजी, एक मिनिट थांबा." तिने स्टूल ओढलं, दिवा काढला, वायर पुन्हा वर वाशाला गुंडाळली आणि कपाटावरचा जुना बल्ब तिथे बसवला. पलीकडे बर्फाचं यंत्र धडधडत होतं, पडवी पिवळ्या धुक्यात बुडाली. "एकोणीस धागे अजून कापून काढलेले नायत, खोल्यातच हायत. शोधा आता."

हितेश खाली बसला. त्याने खोला जवळ घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले, बोटं फिरवली. एक सापडला. सुजित नावाचा तरणा खलाशी, माशाच्या खवल्यावरचा डाग लांबून सांगणारा, तोही वाकला. त्याला दोन.

"आयला," हितेश हळूच म्हणाला. "मनापन दिसत नाय."

भिका भिंतीला टेकून मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. अख्खं वर्ष तो आंधळेपणाची वाट बघत झोपला होता आणि दोष होता त्या मेल्या बल्बाचा! दीपालीने तो काढला, पुन्हा एलईडी बसवला. हितेशने सातपाटीचं नाव पुन्हा काढलं नाही. त्याने नुसती सुई उचलली आणि विचारलं, "काका, कुठनं सुरू करू?"

दुसऱ्या दिवशी पावणेएकच्या भरतीला हितेशची बोट एकटी निघायची होती. दोन्ही जाळी शिवून तयार होती. खलाशी उचलायला वाकले, तेवढ्यात भिकाने काठी आडवी घातली.

"थांबा. आधी उजेडात घेऊन बघा."

"काका, तुमचा हात फिरलाय. बघायला कशाला लागतं?"

"लागतं," भिका म्हणाला. "माझाच फिरलाय म्हनून लागतं. ह्याच्यापुढं माझं जालं कुनी न बघता न्यायचं नाय."