विंडसरच्या काकांचं एक मत

मी सर्वांत जास्त ज्यांचा ऋणी आहे ते विंडसरचे काका बोलायच्या आधी हात वर करत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशी, समोर फक्त काकू आणि मी असलो तरीही. काकूंनी "बोला" म्हटल्याशिवाय हात खाली येत नसे. आणि काकू कधी कधी मुद्दाम सगळ्यांना आमटी वाढून होईपर्यंत "बोला" म्हणत नसत.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात आमचं छोटंसं मराठी मंडळ होतं. काका त्याचे अध्यक्ष. डेट्रॉइटच्या नदीपलीकडचं विंडसर हे कॅनडातलं गाव. तिथे ते मोटारींच्या भागांची ड्रॉइंग्ज काढत, तिथलंच नागरिकत्वही त्यांनी घेतलं होतं. पुढे कंपनीनं त्यांना नदीच्या अलीकडच्या, अमेरिकेतल्या ऑफिसात पाठवलं. विंडसरला असताना प्रत्येक निवडणुकीत ते मतदान केंद्रावर कामाला जात. ते म्हणत, "पगार किरकोळ, पण खुर्ची फार मानाची." घरात अँटेना फिरवून ते कॅनडाचं चॅनल लावत आणि तिथल्या संसदेतली प्रश्नोत्तरं आपण क्रिकेट बघतो तशी बघत. एखाद्या सभासदाची वेळ संपली की सभापतींच्या आधी हेच घड्याळाकडे बोट दाखवत.

काका येण्यापूर्वी आमच्या सभेत सगळे एकदम बोलत. काकांनी एकच नियम लावला: भांडा, पण अध्यक्षांकडे बघून भांडा. त्यामुळे फार मजेदार संवाद होत.

"अध्यक्ष महाराज, गणपतीचा मसालेभात कच्चा होता, हे यांना सांगा."

"अध्यक्ष महाराज, तो यांनीच ढवळला होता, तेही यांना सांगा."

काका दोन्ही बाजूंना गंभीरपणे मान डोलावत. तिसऱ्या वाक्याला दोघंही हसू लागत. राग काकांपर्यंत पोचेस्तोवर निम्मा झालेला असे.

मी करमाळ्याचा. वडिलांची पिठाची गिरणी. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला मीच. विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे शाळेत इतकं पक्कं झालं होतं, की इथल्या युनिव्हर्सिटीत मी दोन वर्षं वर्गात तोंड उघडलं नाही. सगळं पाठ असून गप्प बसणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. मी त्यांच्यातला.

मंडळाचा नियम असा होता, की एका कुटुंबाला एक मत, आणि तेही कुटुंबप्रमुखाचं. म्हणजे बायकांना मत नाही आणि आम्हा विद्यार्थ्यांनाही नाही. आम्ही वर्गणी द्यायची, खुर्च्या लावायच्या, खुर्च्या उचलायच्या. एकदा मी काकूंसमोर याबद्दल कुरकुर केली. काकांनी हात वर केला. काकूंनी लगेच "बोला" म्हटलं.

काका म्हणाले, "नियमात तुला मत नाही असं लिहिलंय. तोंड नाही असं कुठं लिहिलंय? ठराव कुठलाही सभासद मांडू शकतो. मांड."

मी घाबरलो. खरं सांगायचं तर मी तोवर आयुष्यात कधीच मतदान केलेलं नव्हतं. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं; देशात निवडणूक झाली तेव्हा मला एकवीस पूर्ण व्हायला चार महिने कमी होते, आणि पुढची येईपर्यंत मी इथे होतो. पण काकांनी सोडलं नाही. महिनाभर दर शनिवारी त्यांनी मला जेवणाच्या टेबलाशी उभं केलं. ठराव दोन वाक्यांत सांगायचा. कारणं तीनच द्यायची. कोणी टोमणा मारला तर त्याच्याकडे बघायचं नाही. "टोमणा अध्यक्षांकडे पाठव, आम्ही त्याचं काय करायचं ते बघू," ते म्हणत. मसुदा त्यांनी चार वेळा परत केला. प्रत्येक कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवायची, ही सवयही त्यांनीच लावली.

वार्षिक सभा तिळगुळाच्या कार्यक्रमानंतर, एका शाळेच्या कॅफेटेरियात होती. मी उभा राहिलो आणि प्रत्येक सज्ञान सभासदाला एक मत असावं असा ठराव मांडला. दोन वाक्यं आणि तीन कारणं, शेवटपर्यंत बोललो. विरोधात आमचे डॉक्टर उभे राहिले. माणूस प्रेमळ, पण बदलाला फार भिणारा. मुलं दोन वर्षांत डिग्री घेऊन जाणार, त्यांच्या हाती मंडळ कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी काकांकडे बघूनच टोमणा मारला, "आणि अध्यक्ष महाराज, एका घरात दोन मतं म्हणजे एका घरात दोन पक्ष. मग स्वयंपाक कोणत्या पक्षानं करायचा?" पुरुष हसले. बायकांच्या रांगेत कोणी हसलं नाही.

हात मोजले. बाजूनं सतरा, विरोधात सतरा.

अध्यक्ष एरवी चर्चेत बोलत नसत आणि मतही देत नसत. बरोबरी झाली तरच त्यांचं निर्णायक मत. सगळे काकांकडे बघू लागले. मी मात्र निर्धास्त होतो. ज्यांनी मला उभं केलं, त्यांचंच मत आता हवं होतं. काकू दुसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

काका म्हणाले, "अध्यक्षांचं मत ठरावाच्या विरोधात. ठराव नामंजूर."

परतताना त्यांनीच मला गाडीतून सोडलं. काकू पुढची सीट सोडून मागे बसल्या होत्या. बर्फ पडत होतं. शेवटी काकाच म्हणाले, "अध्यक्षानं आपलं मत घालून बहुमत बनवायचं नसतं. बरोबरी झाली की आहे ते राहू द्यायचं, म्हणजे सभेला पुन्हा ठरवता येतं. तिकडचे सभापती असंच करतात."

"मग मला महिनाभर कशाला शिकवलंत?" मी विचारलं.

"तुला एक मत कमी पडलं. ते सभेतून आण."

मी दार जरा जोरातच लावलं. त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो नाही.

चार-पाच महिन्यांनी इंडियन ग्रोसरीत काकू भेटल्या. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, की ऑफिसचा विभाग बंद होतोय, आम्ही पुन्हा विंडसरला चाललो. मग त्यांनी जुडी खाली ठेवली.

"तुला वाटतं, तुलाच मत नाही? यांना कुठंय? इंडियातलं गेलं. इथले ते सिटिझन नाहीत. आणि कॅनडा सोडून बाहेर राहिलं तर तिथलंही मत देता येत नाही. सहा वर्षं झाली. त्या दिवशी सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातात मत आलं, आणि तेही त्यांनी आपलं म्हणून दिलं नाही. मीसुद्धा आठवडाभर बोलले नाही. पण रात्री जेवले नव्हते रे ते."

ज्या शनिवारी त्यांचं सामान ट्रकमध्ये चढवलं, त्या दिवशी मंडळातले सगळे मदतीला गेले. मी शरमेनं गेलो नाही. पुढे ऑफिसातल्या मीटिंगांमध्ये हात वर करून बोलायला लागलो आणि बढत्या मिळाल्या, त्या सगळ्यामागे ते टेबल होतं. विंडसरला त्यांच्याकडे जाणं-येणंही सुरू झालं. आता काका नाहीत. पण निरोपाला न गेल्याची बोच राहिलीच. त्यांनी ट्रॉय सोडल्यानंतरच्या पहिल्या वार्षिक सभेनंतर मी त्यांना जे पत्र पाठवलं, त्याची प्रत माझ्याजवळ आहे. ते असं:

"तीर्थस्वरूप काकांस, साष्टांग नमस्कार.

काल वार्षिक सभा झाली. तोच ठराव मी पुन्हा मांडला. बाजूनं सव्वीस, विरोधात नऊ. मंजूर झाला. यंदा अध्यक्ष डॉक्टर आहेत. अध्यक्षानं चर्चेत बोलायचं नाही हा तुमचा शिरस्ता त्यांनी काटेकोर पाळला, पण त्यांना फार त्रास झाला.

तुम्ही तेव्हा मत दिलं असतं, तर मी एका मतानं जिंकलो असतो आणि सतरा घरं रागावली असती. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून वर्षभर घराघरांत हाच विषय चालला. मला हे त्या दिवशी गाडीत कळायला हवं होतं. कळलं नाही. दार आपटलं, निरोपाला आलो नाही. माफ करा.

ठरावानंतर लगेच कार्यकारिणीची निवडणूक होती. बायकांची रांग दारापर्यंत गेली होती. त्यात काकू नव्हत्या, हे सगळ्यांना जाणवलं. मला चिठ्ठी मिळाली. आयुष्यातलं माझं पहिलं मत. फुली मारली, कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली. एवढंच असतं हे, आणि तरी बाहेर येऊन थोडा वेळ गाडीत बसून राहिलो.

मत कोणाला दिलं ते लिहीत नाही. तुम्ही विचारणार नाही, हे मला ठाऊक आहे."